वॉट वाढले, आवाज सुधारला का?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या महाविद्यालयातील बारावीचा एक विद्यार्थी मला प्रयोगशाळेत भेटावयास आला. त्याच्या घरी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, दर बाजूस ४० वॉटचा. तो विकून ८० वॉटचा घ्यावा असे त्याच्या मनात होते, आणि वरचे पैसे तो आपल्या शिष्यवृत्तीतून घालणार होता. "सर, वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट चांगला होईल ना?" त्याने विचारले.

त्याच्या या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. आवाज मोठा होईल का, हा एक. आणि चांगला होईल का, हा दुसरा. दुकानदार या दोहोंची गल्लत मुद्दाम करतो आणि आपण ती नकळत करतो.

आधी पहिला प्रश्न घेऊ. आपला कान बेरजेने नव्हे, तर पटीने हिशेब ठेवतो. म्हणूनच ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये, म्हणजे लॉगरिदमच्या मापाने मोजतात. शक्ती दुप्पट केली की पातळी १० × log २, म्हणजे फक्त ३ डेसिबेलने वाढते. हा फरक कानाला कळतो, पण तो लहानसाच असतो. आवाज 'दुप्पट मोठा' वाटावा यासाठी साधारणपणे १० डेसिबेलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. माझ्या विद्यार्थ्याला दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर ८० नव्हे, ४०० वॉट लागतील! उलट, मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर २ मीटरवरून १.४ मीटरवर आणले तरी तेच ३ डेसिबेल मिळतात. खोलीत भिंतींवरून ध्वनी परावर्तित होत असल्याने लाभ थोडा कमी होतो, इतकेच. खुर्ची पुढे ओढायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट स्पीकरची. ॲम्प्लिफायरच्या वॉटविषयी तावातावाने बोलणारे लोक स्पीकरच्या संवेदनक्षमतेविषयी अवाक्षर काढत नाहीत. स्पीकरला १ वॉट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबेल ध्वनी मिळतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरांत तो बहुधा ८५ ते ९० च्या दरम्यान असतो. ८७ डेसिबेलचा स्पीकर १०० वॉटवर जितका आवाज देईल, तितकाच ९० डेसिबेलचा स्पीकर ५० वॉटवर देईल. आणि १ वॉटला ८७ डेसिबेल म्हणजे काय ते ध्यानात घ्या. आपले साधे संभाषण ६० डेसिबेलच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपेक्षा जास्त ऐकणे कानांना सुरक्षित नाही. म्हणजे एका वॉटमध्येच आपण धोक्याच्या उंबरठ्यापाशी येऊन पोहोचतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९६ साली, मी अकरावीत असताना, माझ्या वडिलांनी ऑफिसातून उचल घेऊन एक कॅसेटचा संच आणला. त्याच्या दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत '१००० वॉट पी.एम.पी.ओ.' असे लिहिले होते. त्या काळी अशा चिठ्ठ्यांचे पीकच आले होते. पी.एम.पी.ओ. या मापाची कोणतीही प्रमाणित व्याख्या नव्हती. उत्पादकाच्या मनाला येईल तो आकडा छापता येई. (आता 'आर.एम.एस. वॉट' असे छापतात. तेही भौतिकीच्या दृष्टीने चुकीचेच, आर.एम.एस. मूल्य व्होल्टेजचे किंवा प्रवाहाचे असते, त्यावरून निघते ती सरासरी शक्ती. पण निदान त्या आकड्याला काही अर्थ असतो.) अमेरिकेत याच गोंधळावर उपाय म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला होता. जाहिरातीत ॲम्प्लिफायरची शक्ती सांगायची असेल, तर ती सतत मिळणारी शक्ती असावी आणि ती किती रोधावर, किती विकृतीसह मिळते हेही सांगावे, असा तो नियम.

पुढे मी एम.एस्सी. होऊन नोकरीस लागलो, तेव्हा तो संच एका रविवारी प्रयोगशाळेत नेला. मागच्या बाजूच्या लहान चिठ्ठीवर वीज खर्च २५ वॉट असा लिहिलेला होता. २५ वॉट घेऊन १००० वॉट देणारे यंत्र! ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाची याहून मोठी थट्टा कोणती? स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रोध जोडून ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर तरंगाची शिखरे ८ व्होल्टला चपटी होऊ लागली. शक्ती म्हणजे ८ चा वर्ग भागिले दोनदा ८, अर्थात ४ वॉट. दोन्ही बाजू मिळून ८. घरी येऊन वडिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मग बाकीचे ९९२ गेले कुठे?"

फसवणूक तर झालीच होती. पण मला त्याहून नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या चार-चार वॉटवर आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही कित्येक वर्षे भीमसेनजी आणि किशोरीताई ऐकल्या होत्या, आणि आवाज अपुरा पडला असे कोणालाही कधी वाटले नव्हते.

तर मग जास्त वॉट निव्वळ थोतांड आहे काय? नाही. इथे विरुद्ध पक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. संगीत एकसारख्या पातळीचे नसते. तबल्यावरची थाप, झांजेचा आघात या क्षणी पातळी सरासरीपेक्षा १० ते २० डेसिबेलने वर उसळते. सरासरी १ वॉट लागत असेल, तर त्या क्षणापुरते १० ते १०० वॉट लागू शकतात. ॲम्प्लिफायर तेवढे देऊ शकला नाही, तर शिखरे कापली जातात आणि मुळात नसलेल्या वरच्या वारंवारता आवाजात मिसळतात. आवाज कर्कश होतो, आणि हा प्रकार फार झाला तर उंच स्वरांचा नाजूक स्पीकर जळूही शकतो. तेव्हा मोठी खोली, कमी संवेदनक्षमतेचे स्पीकर आणि मोठ्याने ऐकण्याची हौस हे तिन्ही जमून आले असेल, तर जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर खरोखरच चांगला वाजेल. मात्र कापाकापी मुळातच होत नसेल, तर आणखी वॉट घेऊन काही सुधारणार नाही. जे बिघडलेले नाही ते दुरुस्त कसे होणार?

दुकानात मात्र मोठा ॲम्प्लिफायर चांगलाच वाटतो. याला कारण कान. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच स्वर भरून येतात. त्यामुळे किंचित मोठा आवाज 'मोठा' न वाटता 'भरदार' वाटतो. म्हणून तुलना करावयाची तर दोन्ही पातळ्या मीटरने समान करून, आणि कोणता वाजतो आहे हे न कळू देता करावी. अमेरिकेतील 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८७ साली अशी चाचणी घेतली. स्वस्त आणि अतिमहाग ॲम्प्लिफायर त्यात होते. ऐकणाऱ्यांचे अंदाज एकंदरीत नाणे उडवून काढलेल्या उत्तरांहून सरस ठरले नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले नाही, मल्टिमीटर दिला. तुम्हीही शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. तुम्ही ज्या सर्वांत मोठ्या आवाजात गाणी ऐकता, तिथे व्हॉल्यूमचे बटण ठेवा. मग ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा काढा. (जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर हा प्रयोग करू नका, स्पीकरवाचून चालवल्यास तो बिघडतो.) मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या जागी जोडा, आणि त्याच मोबाइलवरून, व्हॉल्यूमला मुळीच हात न लावता, १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला सूर लावा. दिसेल त्या आकड्याचा वर्ग करून ८ ने भागा, म्हणजे तुमच्या संगीतातील उंचात उंच शिखरालाही किती वॉटचा ॲम्प्लिफायर पुरेल ते कळेल.

दोन दिवसांनी तो वहीत आकडे लिहून घेऊन आला. मीटरने ९ व्होल्ट दाखवले होते. ८१ भागिले ८, म्हणजे सुमारे १० वॉट. हातातल्या ४० पैकी ३० वॉट त्याने आजवर कधी वापरलेच नव्हते. ॲम्प्लिफायर अजून तोच आहे. शिष्यवृत्तीचे पैसेही अजून बँकेतच आहेत, आणि तो ९० डेसिबेलच्या स्पीकरांची चौकशी करीत फिरतो आहे. दोन दुकानांत त्याला 'हा आकडा आजवर कोणी विचारला नव्हता' असे उत्तर मिळाले.