कृती आधी, उमज नंतर

"आधी वचन पक्कं करा, विश्वास दृढ होऊ द्या, सेवा आपोआप मागून येईल," असं आपल्या मंडळ्यांतून वरचेवर सांगितलं जातं. ऐकायला हे रास्त वाटतं, पण शुभवर्तमानात क्रम उलटा आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र संकोचतो, तेव्हा याचा अर्थ तुला आत्ता नाही, पुढे कळेल, असं येशू त्याला सांगतो. निलंगा-औसा भागाला हे पटायला जड जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथे ढिगारा उपसणाऱ्याला 'माझा शेजारी कोण' हे ठरवत बसायला सवड नव्हती. दगडाखाली जो कण्हत होता, तोच शेजारी.

याहून भक्कम दाखला मराठवाड्याच्या वेशीवर, जामखेडला आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० साली तिथे आलं. त्यांच्याकडे औषधं होती, पण लोकांना आधी अन्न आणि पाणी हवं होतं. कूपनलिका खोदल्या गेल्या, हातपंप दलित वस्तीत बसवले गेले आणि पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावं लागलं. प्रशिक्षित परिचारिका गावांत रुजल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्या बाळंतपणं करू लागल्या, बाळांची वजनं घेऊ लागल्या. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर दोन दशकांत तिसाच्या खाली आला. मला यात आकड्याहून मोलाचं वाटतं ते हे, की डॉक्टरांनी आपलं राखीव ज्ञान आणि त्याबरोबरचा मोठेपणा सोडला. ख्रिस्त रिक्त झाला, असं फिलिप्पैकरांच्या पत्रात आपण वाचतो. ते रिक्त होणं म्हणजे काय, हे जामखेडच्या कामातून दिसतं.

कर्मांनी तारण होत नाही, हा आक्षेप खरा आहे, पण इथे लागू नाही. जन्म कुणी कमावत नाही, तरी हातपाय चालवल्याशिवाय मूल वाढत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सेवा हे धर्मांतराचं आमिष आहे. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनावर १८९३ मध्ये हेच वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या संशयाला रागानं उत्तर देऊ नये. मदतीला अट जोडली, तर तो सौदा झाला, आणि त्याचा निषेध ख्रिस्ती माणसानंच सर्वांत आधी करावा. पण सेवेतून पहिल्यांदा बदलायचं असतं ते सेवा करणाऱ्यानं. समोरच्याचा धर्म तोच राहिला म्हणून ती फसली, असं म्हणायला शुभवर्तमानात आधार नाही.

म्हणून दृढीकरणाच्या वर्गात मुलांना केवळ प्रश्नोत्तरं पाठ करायला लावणं पुरेसं नाही. सरकारी दवाखान्यात बेवारस पडलेल्या रुग्णाला भरवणं, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणं, हे त्याच वर्गाच्या वेळात व्हावं, जातधर्म न विचारता, आणि पाळकांनी त्यांच्याबरोबर जावं.