मांडीवरचं लेकरू

गाडीत ड्रायव्हर बेल्ट लावतो, कारण पुढच्या चौकात पोलीस असतो. त्याच्या शेजारी बायको, तिच्या मांडीवर लेकरू. मागे चार मोठे, तीन लहान, त्यातलं एक दोन सीटांच्या मधे उभं. बीडहून अंबाजोगाईला, माजलगावला वलिम्याला निघालेली आपली गाडी अशीच भरलेली असते.

मीही अशीच नेली आहे. मांजरसुंब्याच्या पुढे म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि बायकोच्या मांडीवरची माझी मुलगी डॅशबोर्डवर आपटली. वेग चाळीसच्या आतलाच. ओठ फाटला, दात गेला. दुधाचा होता म्हणून परत आला. घरी सगळे म्हणाले, अल्लाहने वाचवलं. खरंच वाचवलं. पण तिला तिथे बसवलं कुणी होतं?

आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा नाही, ही समजूत गाडीत खोटी आहे. ताशी ५० च्या वेगात गाडी धडकून थांबली, तर आतलं मोकळं शरीर तिसऱ्या मजल्यावरून पडावं तसं आदळतं. त्या क्षणी दहा किलोचं लेकरू हातांना दोनशे किलोच्या वर भरतं. कुठली आई धरील? ती स्वतः मोकळी असेल तर तीच लेकरावर जाऊन पडते. एकाच बेल्टात दोघं असली तरी चिरडतं लेकरूच. समोरची एअरबॅग मोठ्यांच्या अंगामापाची. पुढे बसलेल्या लहानग्याला तिचाच मार बसतो. मोठ्यांचा बेल्ट लहान मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो, म्हणून वेगळी चाइल्ड सीट लागते, तीही मागच्या सीटवर.

बीड जिल्ह्याला तरी हे सांगावं लागू नये. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्याच सीटवर होते. मागचा बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनीच नंतर सांगितलं. आपण रडलो, बंद पाळला आणि मागचे बेल्ट सीट कव्हरखाली दाबून टाकले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्टाशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. ती पावती फाटलेली मी अजून पाहिलेली नाही.

ताजियतीला गेलं की ऐकू येतं, तकदीर में था. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असं विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं, हे जुम्याच्या बयानात आपण शंभरदा ऐकलं आहे. उंट बांधायचा आणि लेकरू मोकळं सोडायचं?

सीट महाग असते, हे कारण मी जुन्या इकोवाल्याकडून ऐकून घेईन. त्याने निदान मुलांना मागे बसवावं, एका मुलाला एक बेल्ट द्यावा. पण ज्याने गाडीत हजारोंचे स्पीकर बसवले, त्याच्याकडून ऐकणार नाही.

परवा गेवराईच्या लग्नाला मी सांगितलं, जितके बेल्ट तितकीच माणसं, बाकीच्यांसाठी दुसरी फेरी मारीन. मेव्हणा म्हणाला, "सर, आपके घर में भी स्कूल चलता क्या?" आणि रुसून एसटीने गेला. जाऊ दे.