जुन्या जीपचे ‘मूळ’ इंजिन कोणते?

जुनी महिंद्रा जीप नव्याने उभी करणारे हौशी बहुधा प्रथम तिचे डिझेल इंजिन उतरवतात आणि विलीजच्या पेट्रोल इंजिनाच्या शोधाला लागतात. कारण एकच : ‘मूळ रूप’. हा हट्ट इतिहासाला धरून नाही.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हा ती पेट्रोलवर चालत असे, हे खरेच. परंतु २.२ लिटरचे ते इंजिन महायुद्धाचे अपत्य. त्याच्या इंधनाचा खर्च सैन्य सोसत होते. नागरी मालकाला तो झेपेना. १९७३ चे तेलसंकट आले, डिझेल स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण होतेच. गॅरेजांतून इंजिने बदलली गेली. पुढे एमएम ५४० मध्ये तर प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन कारखान्यातूनच बसून आले. वडापच्या जीपांनी खेडी तालुक्याला जोडली, तीही डिझेलवरच.

(गॅसचा विचार येथे गौण : टाकी मागची जागा खाते आणि आडरानात पंप सापडत नाही.)

युद्धकालीन जीपला पेट्रोलच शोभते. एमएम ५४० ला ते बसवणे म्हणजे तिने न जगलेले आयुष्य तिच्यावर लादणे होय. उतरवलेले डिझेल इंजिन मात्र भंगारात किलोच्या भावाने जाते.