‘जर’ आणि ‘तर’ यांच्या मधली जागा

‘त्या सगळ्या जर-तरच्या गोष्टी!’ असे म्हणून आपण एखादा विषय झटकून टाकतो. गणकयंत्राला ही चैन परवडत नाही. त्याचा सारा संसारच जर-तरवर चालतो. खात्यात पैसे असतील तर द्या, नसतील तर नकार द्या; वजन अमुक भरले तर ही पावती, नाही तर ती. दिवाळीच्या फराळात यंत्राचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. या जर-तरमध्ये गफलत झाली, तर ती पारोळ्याच्या कापूसवाल्याच्या पावतीपर्यंत येऊन पोहोचते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली ‘टिफ्रॅक’ हे देशी गणकयंत्र सुरू झाले. त्याला कामाला लावायचे तर यंत्राच्याच भाषेत, एक आणि शून्य यांच्या रांगांत बोलावे लागे. पुढे माणसाला जमेल अशा भाषेत लिहावे आणि एका दुभाष्याने ते यंत्राच्या भाषेत उतरवावे, ही सोय रुळली. या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. त्याचा पुढचा भाग आपले लिखाण वाचतो आणि पाठीमागचा भाग त्यातून प्रत्यक्ष आज्ञा पाडतो. आजची गोष्ट आहे ती या पाठीमागच्या कारागिराची. त्याची चूक झाली तर लिहिणारा निर्दोष, यंत्रही निर्दोष आणि उत्तर मात्र चुकीचे!

आता यंत्राला ‘जर’चा इतका जाच का होतो ते पाहू. खानदेशातले रथोत्सव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. रथ सरळ रस्त्याने निघाला की निघाला; वळण आले की मोगरी लावणाऱ्यांची कसोटी लागते. आजचा प्रोसेसरही तसाच. पुढच्या कितीतरी आज्ञा तो आधीच हाताशी घेऊन ठेवतो. वाटेत फाटा आला की कोणत्या बाजूला जायचे याचा अंदाज बांधून तो पुढे धावतो. अंदाज चुकला की केलेले काम टाकून परत फाट्यावर यावे लागते, आणि त्यात घड्याळाचे दहा-वीस ठोके फुकट जातात.

यावर तोड निघाली ती अशी, की लहानसहान बाबतींत फाटाच नको. पाहुणा चहा साखरेचा घेतो की बिनसाखरेचा, हे ठाऊक नसेल तर शहाणी गृहिणी दोन्ही कप तयार ठेवते आणि तो बसला की योग्य तो पुढे करते. यंत्रातही दोन्ही उत्तरे काढून ठेवायची आणि शेवटी अट पाहून एक उचलायचे. याला सशर्त आज्ञा म्हणू. इंटेलने 1995 च्या पेंटियम प्रो यंत्रात अशी उचलण्याची आज्ञा दिली. त्याच्या दहा वर्षे आधी, 1985 मध्ये, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या ‘आर्म’ यंत्रात तर जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या कपाळी अट लिहिण्यासाठी चार बिटांची जागा राखली होती. अट खोटी ठरली की ती आज्ञा गप्प बसे. पुढे 2011 मध्ये जाहीर झालेल्या 64 बिटांच्या आर्ममध्ये ही सरसकट सोय काढली आणि निवडीच्या मोजक्या आज्ञा ठेवल्या.

सोय आली की तिच्यामागून चुकाही येतात. त्यांच्या तीन जाती सांगतो.

पहिली जात विहिरीची. ‘विहिरीत पाणी असेल तर मोटर चालू कर’ ही आज्ञा घ्या. येथे दोन्ही कप आधी तयार करण्याचा शहाणपणा चालणार नाही. पाणी आहे की नाही हे नंतर पाहू, आधी मोटर तर लावू, असे म्हटले की मोटर जळालीच समजा. स्मृतीतला पत्ता खरा असेल तरच तेथली संख्या वाच, भाजक शून्य नसेल तरच भाग दे, ही कामे या जातीची. कारागिराने त्यांचा फाटा मोडून ‘आधी करा, मग निवडा’ असे केले, तर चांगला चालणारा कार्यक्रम मध्येच आडवा होतो. उपाय एकच : जे काम फुकट केले तरी बाधत नाही, तेवढेच आधी करावे.

दुसरी जात पाटीची. दोन संख्यांची तुलना झाली की तिचा निकाल यंत्र एका छोट्या पाटीवर लिहून ठेवते. त्या खुणांना फ्लॅग म्हणतात. बहुतेक यंत्रांत पाटी एकच असते. काट्यावर एका गाडीचे वजन लिहिले, पावती फाडणारा कारकून वाचणार तोच दुसऱ्याने पाटी पुसून भलताच आकडा लिहिला, तर पावती कोणाच्या नावाने फाटेल? इंटेलच्या यंत्रात एखादा खण शून्य करायचा तर ‘यात शून्य ठेव’ ही सरळ आज्ञा पाच बाइटांची होते. म्हणून काटकसरी कारागीर त्या खणाचा त्याच्याशीच ‘एक्स-ऑर’ करतो. दोन बाइटांत काम भागते. युक्ती उत्तम, पण ती जाता जाता पाटी पुसते! सरळ आज्ञा पाटीला हात लावत नाही. तुलना आणि निवड यांच्या मधल्या जागेत ही युक्ती शिरली, की निवड पुसलेल्या पाटीवरून होते. येथे खण तुलनेच्या आधी शून्य करावा, नाही तर पाच बाइटांचा खर्च निमूटपणे सोसावा. आणि मूळ दुरुस्ती म्हणजे, ही आज्ञा पाटी पुसते याची नोंद कारागिराच्या वहीत स्पष्ट करावी.

तिसरी जात उलट्या अटीची, आणि तीच सर्वांत फसवी. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारतात. समजा, कार्यक्रमात लिहिले आहे : ओलावा 12 हून जास्त असेल तर नाकारा, नाही तर घ्या. कारागिराला वाटते, ‘12 किंवा त्याहून कमी असेल तर घ्या, नाही तर नाकारा’ म्हणजे तेच की! शाळेतल्या गणितात तेच. पण ओलावा मोजणारे यंत्र बिघडले आणि आकड्याऐवजी ‘ही संख्याच नव्हे’ अशी खूण आली तर? 1985 च्या आयईईई 754 या मानकाप्रमाणे त्या खुणेशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी. मग पहिल्या वाक्याने माल घेतला जातो आणि दुसऱ्याने तोच नाकारला जातो. खरे तर अशा वेळी माणसाने मीटर तपासावे; पण तो निर्णय कार्यक्रम लिहिणाऱ्याचा आहे, दुभाष्याचा नाही. दुभाष्याने निरोप जसाच्या तसा पोहोचवावा.

अशी चूक शोधायची कशी? ती नेहमी दिसत नाही, हेच मोठे दुखणे. म्हणून जाणते लोक हजार ओळींचा कार्यक्रम छाटत छाटत चूक अजून होते अशा दहा ओळींवर आणतात. मग यंत्राच्या आज्ञा एकेक वाचतात, दोष दुरुस्त करतात, आणि त्या दहा ओळी परीक्षेच्या पेटीत कायमच्या ठेवून देतात, म्हणजे पुन्हा कोणी तीच चूक केली तर पेटीच ओरडते.

या विद्येत आपल्या मुंबईचेही नाव आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरच्या सुधारणांवर मोलाचे संशोधन केले. तेथेच प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी या सर्वांना खुल्या असलेल्या कंपायलरची आतली रचना विद्यार्थ्यांना समजावी म्हणून कार्यशाळा घेतल्या. प्रत्येक यंत्राच्या आज्ञांचे वर्णन जीसीसीत वेगळ्या धारिकेत असते. वर म्हटलेली वही ती हीच.

ही वही आता आपल्याला परकी राहिलेली नाही. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. त्या संचात सशर्त कामासाठी 2023 मध्ये अवघ्या दोन जादा आज्ञा मंजूर झाल्या. अट पाहून संख्या तशीच ठेवायची किंवा शून्य करायची, एवढेच त्या करतात. दोन उत्तरांतून एक उचलायचे तर दोन्ही वापरून शेवटी बेरजेसारखी एक जोडणी करावी लागते. त्यातली एक आज्ञा उलटी पडली की भलतेच उत्तर उचलले जाते. प्रोसेसर देशी झाला तरी त्याचा दुभाष्या भरवशाचा नसेल, तर त्याच्यावर बँक आणि बाजार कोण सोपवील?

पारोळा-अमळनेरकडची पुष्कळ मुले आता अभियांत्रिकी शिकतात. त्यांना एक सुचवतो. जीसीसी फुकट मिळतो. एक ‘जर’ असलेला चार ओळींचा कार्यक्रम लिहावा आणि कंपायलरला ‘-एस’ ही खूण द्यावी, की तो यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा लिहून देतो. एकदा ‘-ओ शून्य’ आणि एकदा ‘-ओ दोन’ देऊन दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. पहिल्यात बहुधा फाटा दिसेल, दुसऱ्यात कदाचित तो नाहीसा झालेला असेल. तसे झाले असेल, तर तुलनेपासून निवडीपर्यंतच्या ओळींवर बोट ठेवून विचारावे : येथे पाटी कोणी पुसली तर नाही ना?