एक नाव, एक चष्मा

पहिल्या महायुद्धाचे साहित्य शिकवताना आपण कवींपाशीच थांबतो. ज्याने कविता मागे ठेवली नाही, त्याचे स्मरण कसे करावे? जोगेंद्रनाथ सेन यांच्यामुळे हा प्रश्न मला पडला.

तेव्हा फ्रेंच अमलाखाली असलेल्या चंदननगरचे सेन १९१३ मध्ये लीड्स विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९१४ मध्ये ते त्याच शहराच्या स्वयंसेवक पलटणीत दाखल झाले. ब्रिटिश सैन्यात गौरेतरांना अधिकारपद सहसा दिले जात नसे. पदवीधर सेन शेवटपर्यंत साधे शिपाईच राहिले. २२ मे १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या आघाडीवर, ते मारले गेले. विद्यापीठाच्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. चंदननगरच्या संग्रहालयात त्यांचा फुटका चष्मा आहे.

स्मारकावर सारी नावे शेजारी शेजारी येतात. ही समता उदात्त खरी, पण जिवंतपणी नाकारलेली समता मरणोत्तर बहाल केल्याने हिशेब मिटत नाही. म्हणून सेन यांचे नाव घेताना त्यामागचा ‘शिपाई’ हा शब्दही आपण उच्चारला पाहिजे. तो गाळून केलेले स्मरण हा गौरव असेल, इतिहास नव्हे.