हाती घेऊन पारखलेले बियाणे

दाणा भरदार, एकरंगी व बिनसुरकुतीचा निवडावा, त्यास थायरम चोळावे, म्हणजे रोगाची भीती उरत नाही, हा कडधान्यांच्या बियाण्याविषयीचा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की, त्याविरुद्ध लिहिणे म्हणजे अनुभवी कास्तकारांचा अधिक्षेप मानला जातो. बुरशीपुरते हे म्हणणे बरेचसे खरे आहे. विषाणूंच्या बाबतीत मात्र ते निराधार आहे.

सोयाबीनच्या मोझॅक रोगात दाण्याच्या डोळ्यापासून पसरलेले तपकिरी किंवा काळे डाग पुष्कळदा उमटतात खरे. परंतु अशा कित्येक डागी दाण्यांत विषाणू नसतो आणि निर्मळ दिसणाऱ्या कित्येकांत तो असतो, त्यामुळे सुपात केलेल्या निवडीला निरोगीपणाचा दाखला म्हणता येत नाही. थायरमची गोष्ट तर याहून सोपी. टोमॅटोच्या बियांवर तंबाखूचा मोझॅक विषाणू मुख्यतः बाह्य आवरणावर असतो व योग्य द्रावणात धुऊन तो बऱ्याच अंशी घालविता येतो; पण घेवडा, सोयाबीन व वाटाणा यांचे मोझॅक विषाणू प्रत्यक्ष भ्रूणात वसलेले असतात, तेथे वरून चोळलेल्या बुरशीनाशकाने काय साधणार? वाटाण्यात हा प्रवेश कसा होतो, हे इंग्लंडमधील संशोधकांनी १९९४ साली दाखविले: कोवळ्या भ्रूणाला आधार देणारा जो अल्पायुषी तंतू असतो, त्याच्या वाटेने, तो झिजून जाण्यापूर्वीच, विषाणू आत शिरतो. म्हणूनच फुलोऱ्यापूर्वी रोगी झालेले झाड बियाण्याच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरते.

"शंभरात एखादे रोगी बी निघाले तर बिघडले काय?" असा व्यवहारी प्रश्न विचारला जातो. पंचेचाळीस बाय पाच सेंटिमीटर अंतराने पेरलेल्या हेक्टरभर सोयाबीनमध्ये सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे बसतात. त्यांतील शेकडा एक म्हणजे चार हजारांहून अधिक रोगकेंद्रे, आणि तीही उगवणीपासूनच शेतभर विखुरलेली. मावा अशा पानात सोंड खुपसून काही क्षणांतच विषाणू उचलतो व पुढच्या झाडास पोचवितो; फवाऱ्याने तो मरेपर्यंत त्याचे काम बहुधा उरकलेले असते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. प्रत्येक विषाणुरोगाचे खापर बियाण्यावर फोडणे हा अन्याय आहे. तुरीचा वांझ रोग एका सूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो, बियाण्यातून नव्हे, आणि तेथे बियाणे बदलून काही हाती लागत नाही. पण तुरीच्या या अपवादावरून घेवडा-सोयाबीनला माफी देणे हे तर्कशास्त्राच्या कोणत्याही शिरस्त्यात बसत नाही.

तेव्हा बियाण्याची परीक्षा खळ्यावर न होता उभ्या पिकात झाली पाहिजे: बीजोत्पादनाचा तुकडा धान्याच्या पिकापासून अलग राखावा, पाने चट्टेदार वा आखडलेली दिसताच ती रोपे फुलोऱ्यापूर्वी मुळासकट काढून टाकावीत, आणि त्यातून निघालेल्या बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पिशवीवरील चिठ्ठीत उगवणशक्ती व भौतिक शुद्धता यांचे आकडे असतात, त्यांवरून विषाणूची खातरजमा होत नाही. यावर बीजोत्पादक विचारील की, उपटलेल्या रोपांची नुकसानी कोणी सोसावी. तर ती बियाण्याच्या दरात उघडपणे धरावी आणि खरेदीदाराने ती कुरकुर न करता द्यावी.