मेंदूचे सफाई कामगार आणि प्रतिकारशक्तीचे डबे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुजली आहे की, घरातील वडीलधारे माणूस विसरू लागले तर ते वयाचेच देणे मानले जाते. दूध उतू जाते, औषध घेतले की नाही ते आठवत नाही, बाजारातून परतताना नेहमीची गल्ली चुकते. घरचे आधी हसतात, मग चिडतात आणि अगदी शेवटी डॉक्टरकडे आणतात. त्या वेळी मागणीही ठरलेली असते. ‘डॉक्टर, आबांची प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या.’ पुष्कळदा पिशवीत ‘मेंदू व प्रतिकारशक्तीसाठी’ असे छापलेला महागडा डबाही असतो.

माझे मत स्पष्ट आहे. स्मृतिभ्रंशावर असे डबे घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आणि त्याहून मोलाचा वेळ दवडणे. असे मी का म्हणतो, हे समजण्यासाठी मेंदूतील प्रतिकारशक्ती कशी चालते ते थोडे पाहू.

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मनीतील डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एकावन्न वर्षांची एक स्त्री तपासली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मज्जापेशींच्या बाहेर कसल्यातरी गाळाचे ठिपके होते आणि आत धाग्यांचा गुंता झाला होता. हा गाळ ‘अमायलॉईड’ नावाच्या प्रथिनाचा असतो, हे पुढे कळले.

आता प्रश्न असा की, मेंदूत गाळ साचतो तर तो उचलणारे कोणी नाही का? आहे. या पेशींना ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना हे नाव दिले. या मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी. नगरपालिकेच्या सफाई कामगारांसारख्या त्या सतत फिरत असतात, मेलेल्या पेशी आणि कचरा गिळून टाकतात. पण कचरा कोठे पडला आहे हे त्यांना कळायला हवे. त्यासाठी त्यांच्या अंगावर प्रथिनांचे बारीक खुंट असतात. त्यांना ‘रिसेप्टर’ म्हणतात. विशिष्ट पदार्थ त्या खुंटाला चिकटला की पेशीला आत वर्दी जाते: ‘चला, काम आहे!’

यापैकी एका रिसेप्टरचे नाव ‘ट्रेम-२’. २०१२ साली आइसलँडच्या आणि लंडनच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट मांडली. ज्यांच्या ट्रेम-२ च्या जनुकात एक विशिष्ट छोटा बदल जन्मतः असतो, त्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. हा बदल विरळा आहे. आइसलँडमध्येही तो शंभरात एकापेक्षा कमी लोकांत आढळला. म्हणजे बहुतेक रुग्णांचा आजार यामुळे नसतो. पण रक्षक पेशीला वर्दी नीट मिळाली नाही तर मेंदूचे नुकसान होते, हे त्यातून कळले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, ट्रेम-२ नसेल तर मायक्रोग्लिया गाळाभोवती नीट कडे करत नाहीत. गाळ पसरट राहतो आणि शेजारच्या मज्जातंतूंना इजा करतो. जपान व फिनलंडमध्ये प्रथम नोंदला गेलेला ‘नासू-हाकोला’ नावाचा दुर्मीळ आजार तर याहून भयंकर. त्यातील काही रुग्णांत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या ट्रेम-२ च्या दोन्ही प्रती निकामी असतात. ऐन तारुण्यात हाडे मोडू लागतात आणि तिशी-चाळिशीत स्मृतिभ्रंश होतो.

हे वाचून कोणीही म्हणेल, ‘मग या पेशींना जोर द्या म्हणजे झाले!’ इथेच खरी गोम आहे. नगरपालिकेचे अतिक्रमणविरोधी पथक बेफाम झाले तर टपऱ्यांबरोबर चांगली घरेही पडतात. उंदरांवरील प्रयोगांत मायक्रोग्लिया नको तेव्हा चेकाळून मज्जापेशींमधील चांगले सांधेही गिळताना दिसल्या आहेत. ट्रेम-२ काढून टाकल्याचा परिणामसुद्धा आजाराच्या सुरुवातीला वेगळा आणि पुढे वेगळा दिसला. म्हणून निसर्गाने चालना देणाऱ्या रिसेप्टरबरोबर लगाम घालणारे रिसेप्टरही ठेवले आहेत. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाला मिळाले, हे ध्यानात घ्यावे. जोर जितका गरजेचा, तितकाच आवरही.

ट्रेम-२ ला मुद्दाम चालना देणारे एक औषधही तयार झाले. सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमरच्या रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला. मायक्रोग्लिया जाग्या झाल्याच्या खुणा दिसल्या, पण रुग्णांची घसरण मंदावली नाही. नेमक्या खुंटावर नेम धरून केलेल्या औषधाची ही गत, तर दुधात घालायची पावडर काय करणार?

सगळाच अंधार आहे असे मात्र नाही. ‘लेकानेमॅब’ हे औषध अमायलॉईडला चिकटून जणू कचऱ्यावर खूण करते. मग मायक्रोग्लिया आपल्या दुसऱ्या रिसेप्टरने ती खूण ओळखून गाळ उचलतात. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत अठरा महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण आजार थांबला नाही. मेंदूला सूज येणे, बारीक रक्तस्राव होणे हे धोकेही आहेत, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो.

मग आपल्यासारख्यांनी करायचे काय? पहिली गोष्ट, विसरभोळेपणाला वय म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईड कमी पडणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर कवटीत साठलेले रक्त यांनीही माणूस विसरू लागतो, आणि यावर उपाय आहेत. दोन-चार दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग किंवा रक्तातील क्षार कमी होणे हे त्याचे कारण असू शकते. डब्यावर सहा महिने घालवणाऱ्या घरात नेमके हेच निदान लांबते.

दुसरी गोष्ट, आजार टाळण्याची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये चौदा कारणांची यादी दिली. ती सगळी दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा तिचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट, दारू, बैठे जीवन, डोक्याला मार, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे, एकटेपणा ही त्यातलीच. यात नवल वाटावे असे काहीच नाही, आणि म्हणूनच ते कोणी मनावर घेत नाही. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करणारा माणूस हजार रुपयांचा डबा मात्र नियमाने संपवतो!

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याच घरांत कोणीतरी, बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी, रात्रंदिवस राबत आहे. रुग्ण तोच प्रश्न दहादा विचारतो ते ढोंग नव्हे. अकराव्यांदाही शांतपणे उत्तर द्यावे लागते. एकट्या बाईकडून ते होत नाही. घरातील पुरुषांनी आठवड्यातून दोन दिवस तरी तो भार उचलावा.

तेव्हा डबा घेण्यापूर्वी जरा थांबा. त्याच पैशात आबांचे रक्त तपासून घ्या, रक्तदाब मोजा, चष्म्याचा नंबर पाहा. कानाच्या यंत्रासाठी पैसे बाजूला टाकायला लागा. आणि संध्याकाळी त्यांना हात धरून चौकापर्यंत फिरवून आणा. जुन्या मित्रांशी दोन शब्द बोलू द्या.